मावशीच्या गळ्यातली माय

मावशी आमच्या घरात आली ती माझ्या आईला गळ्यात घालून. मी तेव्हा पाच वर्षांची होते. दाराशी गाडी थांबली, आत्यानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि हिरव्या लुगड्यातली एक बाई उंबऱ्यावरचं माप लवंडून आत आली. मला चारी बाजूंनी पुढे ढकललं गेलं. आत्यानं मला आदल्या दिवसापासून सांगून ठेवलं होतं, की उद्या तुही माय येऊन राह्यली, नव्या मावशीच्या गळ्यात बसून. त्यामुळे मी वरातीतल्या लाडवांकडे सुद्धा न बघता थेट तिच्या गळ्याकडे पाहिलं. मंगळसूत्राच्या खाली, लाल दोऱ्यात, खरंच एक बाई होती. गोरीपान, गुलाबी गालांची, हातात फूल घेतलेली, आणि माझ्याकडेच बघत असलेली. मी हात लावला तर ती गार लागली. मावशीनं माझा हात तिथंच धरून ठेवला आणि म्हणाली, "हे मोठ्याबाई. तुही माय. आता आपन तिघी रायचं." एवढं बोलून ती रडायला लागली, तिच्या माहेरचे लोक रडायला लागले, आणि कुणीतरी मला लाडू दिला.

आमच्याकडची ही रीत आता नव्या पोरींना ठाऊक नसते, म्हणून सांगते. नवऱ्याच्या आधी जी बायको जाते ती अहेव गेली असं म्हणतात. तिच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, तर दुसरीनं पहिलीला गळ्यात वागवायचं. त्यासाठी सोनाराकडून चांदीचा टाक करून घेतात. अंगठ्याच्या पेराएवढा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली एक बाई, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, की झाली सवत. सगळ्यांच्या सवती एकाच साच्यातल्या. त्या कुणासारख्या दिसाव्यात अशी कुणाची अपेक्षाही नसते. पण बाबांनी कारंज्याहून आणलेला टाक वेगळा होता. तो तांब्याच्या पत्र्यावर रंगीत मिना चढवलेला होता, आंब्याच्या बाठीएवढा लांबट-गोल, भोवती पितळेची कड आणि वर सोनारानं लावून दिलेलं कडं. कारंज्याला पूर्वी कापसाच्या जिनिंगवर गोरे साहेब होते. ते गेल्यावर त्यांच्या बंगल्यातलं किडूकमिडूक सोनारांच्या डब्यांमधून बरीच वर्षं फिरत होतं, त्यातलाच हा एक डाग. ही माहिती मला फार पुढे मिळाली. तेव्हा मला एवढंच समजत होतं, की गावातल्या कोणाची सवत आपल्या आईइतकी देखणी नाही.

मी दीड वर्षाची असताना आई गेली. तिचा एकही फोटो नव्हता. त्या काळी आमच्या गावात फोटो असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यामुळे मिन्यातली ती बाई हीच माझी आई, याबद्दल मला काडीची शंका नव्हती. तिनं निळसर करडं लुगडं नेसलेलं होतं. ते नेसण्याची तऱ्हा जरा वेगळी होती, पण मेडशीकडे, म्हणजे तिच्या माहेरी, तसं नेसत असतील असं मी मनाशी ठरवलं. डोक्यावर पदरासारखं काही होतं आणि त्यात पिसं खोवलेली होती. गळ्यात मोत्यांचे दोन सर, हातात गुलाबाचं फूल. मान किंचित वळवलेली, कुणी हाक मारल्यावर वळावी तशी. एकच गोष्ट मला कळत नसे. आई बाविसाव्या वर्षी गेली असं सगळे म्हणत, आणि तिचे केस तर पांढरे. हे मी एकदा आत्याला विचारलं. आत्या ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता ती म्हणाली, "अवं, देवाघरी गेलं म्हनून वय थांबते काय? ते बी मातारी होऊन राह्यली तिकडं." हे मला इतकं पटलं, की पुढे कित्येक वर्षं मी दर दिवाळीला आईचे केस अजून किती पिकले ते निरखून बघत असे.

ही आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं करून माहेरी आली ती कायमची. घर तिच्याच तालावर चाले. पहाटे ती उठली की जातं, जात्यानंतर ताकाची रवी, रवीनंतर तिच्या तोंडाचा पट्टा, असा आवाजांचा क्रम ठरलेला होता. बाबा या सगळ्याच्या मधून पाय न वाजवता शेतात निघून जात. ते इतकं कमी बोलत, की त्यांचा आवाज ऐकला की बैलसुद्धा कान टवकारत. आमची जमीन कामरगावच्या अलीकडे, रस्त्याला लागून. आता माझा भाऊ तिथं सोयाबीन आणि तूर घेतो. तेव्हा कपाशी आणि ज्वारी असे. भादव्यात कपाशीला पात्या, म्हणजे कळ्या, धरल्या, की मावशी आणि मी बांधावर बसून भाकर खात असू. कळण्याची भाकर, अंबाडीची भाजी, तेलात तळलेली मिरची. पहिला घास मावशी गळ्यातल्या बाईच्या ओठांना लावी आणि हळूच म्हणे, "घ्या, मोठ्याबाई." नवं लुगडं आलं की त्याचा पदर आधी तिला. कासारीण आली की पहिली बांगडी तिला दाखवायची. कणीक मळताना दोरा पुढे येऊन पिठात लोळू नये म्हणून मावशी तिला पाठीवर टाकी, आणि मग मी मागे जाऊन बसे. आई आणि मी समोरासमोर, मावशीची पाठ मध्ये.

शाळेत जाण्याआधी मावशी माझ्या वेण्या घाली. वेण्या झाल्या की मला तोंड वळवायला लावून टिकली लावी. तेवढा वेळ आई बरोबर माझ्या नाकासमोर असे. मी तिला मनातल्या मनात सगळं सांगत असे: गणिताचे मार्क, कुणाशी कट्टी झाली, आत्यानं कशावरून चिमटा काढला. काही आगळीक केली असेल, तर मी आधी टाक उलटा करून ठेवी, म्हणजे आईला तांब्याची कोरी बाजू लागे आणि तिला कळत नसे. मावशीला ते लगेच कळे. "काय करून आली वं?" एवढंच ती विचारी आणि टाक सरळ करी. त्या नऊ वर्षांत तिनं मला मारल्याचं मला आठवत नाही. आता वाटतं, सवतीच्या डोळ्यांदेखत तिच्या पोरीला कसं मारणार, हाही हिशेब त्यात असेल. पण नुसता हिशेब नऊ वर्षं पुरत नाही, हेही मी आता साठी ओलांडल्यावर खात्रीनं सांगू शकते.

मावशीची तीन बाळं राहिली नाहीत. दोन पोटातच गेली आणि एक जन्मून पाच दिवसांनी गेलं. बोलून कुणी काही दाखवत नसे, पण आत्याच्या मनात होतं की सवतीच्या सेवेत कुठंतरी कमी पडतं आहे. मावशीच्याही मनात तेच होतं. दर खेपेनंतर ती गळ्यातल्या बाईचं जास्तच करू लागे. दुपारी सगळं आवरल्यावर राखेनं पितळेची कड घासताना ती तिच्याशी पुटपुटत असे; मी जवळ गेले की गप्प होई. मी नववीत गेले त्या वर्षी तिला चौथ्यांदा दिवस गेले, आणि भादव्यात सातवा लागला. इतक्या पुढे याआधी एकच बाळ आलं होतं. आत्यानं तिला पाणी शेंदायची बंदी केली. ती उठताबसता एक हात पोटावर आणि एक हात गळ्यातल्या टाकावर ठेवू लागली. घरात सगळे तिच्याकडेच बघत, आणि खरं सांगायचं तर मला ते खपत नव्हतं.

त्याच दिवसांत शाळेत इतिहासाच्या नव्या बाई आल्या. अमरावतीच्या, कडक इस्त्रीचं पातळ नेसणाऱ्या, आणि वर्गात पुस्तकाबाहेरचं सांगणाऱ्या. फ्रान्सच्या राज्यक्रांतीचा धडा चालू होता. बाईंनी घरून एक जाडजूड चित्रांचं पुस्तक आणलं होतं. त्यातलं एक पान उघडून त्यांनी ते पहिल्या बाकावर दिलं आणि हातोहात मागे सरकवायला सांगितलं. मी चौथ्या बाकावर होते. पुस्तक माझ्या पुढ्यात आलं आणि पानावर माझी आई होती. पानभर मोठी. तेच निळसर करडं वस्त्र, तेच मोत्यांचे सर, तेच फूल, तीच वळलेली मान. फक्त इथं तिच्या मागे झाडं होती आणि हात पुरता दिसत होता. मी इतका वेळ पान धरून बसले, की शेजारणीनं मला कोपर मारलं.

बाई सांगत होत्या, की हे राणीचं फार गाजलेलं चित्र. एवढं गाजलं, की त्याच्या नकला चॉकलेटच्या डब्यांवर, पेट्यांवर, बशांवर निघाल्या. तांब्यावर मिना चढवून गळ्यात घालायच्या एवढ्याएवढ्याशा सुद्धा. बाईंनी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये तो आकार दाखवला. मी हात वर केला. वर्गात मी कधी हात वर करत नसे, म्हणून बाईंनी कौतुकानं विचार म्हटलं. मी विचारलं, हिचे केस पांढरे का आहेत. बाई हसल्या. तिकडच्या बड्या घरच्या बायका केसांना पीठ चोळायच्या, तशी तऱ्हाच होती, त्या म्हणाल्या, आणि हे बाहेर लोकांना भाकरीला पीठ मिळत नव्हतं तेव्हा. वर्ग हसला. मग त्यांनी राजाचं काय झालं ते सांगितलं, आणि त्यानंतर राणीचं. तिला गाडीत बसवून गर्दीतून नेलं आणि चौकात पात्याखाली तिची मान घातली. बाईंनी राणीचं नाव फळ्यावर लिहिलं. लांबलचक होतं. त्या दिवशी मला ते धड म्हणता आलं नाही, आणि आजही या कागदावर लिहावंसं वाटत नाही.

परवा माझ्या नातीनं त्या टाकाचा मोबाइलवर फोटो काढला आणि दोन मिनिटांत मला येऊन विचारलं, आजी, ही कोण आहे माहीत आहे का. मी म्हटलं, माहीत आहे बाई. तिला नवल वाटलं. तिच्या वयाला माझ्याजवळ मोबाइल नव्हता, आणि असता तर मी तो विहिरीत टाकला असता. त्या दिवशी शाळेतून घरी येताना मी रस्ताभर रडले असं सांगितलं तर चांगलं दिसेल, पण मी रडले नाही. मला भयंकर राग आला होता. नऊ वर्षं मी जिला सगळं सांगत आले ती एक परकी बाई निघाली. माझ्या आईचं तोंड कुणीतरी माझ्यापासून चोरलं होतं, आणि तेही घरातल्याच माणसांनी. आणि मी सावळी होते, बसक्या नाकाची होते. पण आई गोरीपान आहे, मोठेपणी आपणही तशाच होऊ, या भरवशावर मी आरशासमोर डाळीचं पीठ लावत आले होते. तो भरवसाही गेला. एवढ्याशा गोष्टीचंही मला तेव्हा फार वाटलं.

घरी मी कुणाला काही सांगितलं नाही. मावशीला वेण्या घालू दिल्या नाहीत, आता माझ्या मीच घालीन म्हटलं. ती समोर आली की मी मान फिरवत असे. तिसऱ्या दिवशी तिनं मला गोठ्याशी गाठलं आणि विचारलं, "काहून वं, मोठ्याबाईवर रुसली काय?" मी वासराकडे तोंड केलं. ती म्हणाली, उद्या नवमी आहे, उद्याच्या दिवशी रुसू नको, मग परवा खुशाल रूस.

पितरपाटातली, म्हणजे पितृपक्षातली, ती नवमी म्हणजे अहेव नवमी. अहेव गेलेल्या बायकांचा दिवस. त्या दिवशी आईच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालायचं, तिची ओटी भरायची. आमच्याकडे दरवर्षी शेजारच्या पार्वतीकाकू जेवायला असत. पहाटेपासून स्वयंपाकघरात तळणाचा वास सुटे. उडदाचे वडे, कढी, तांदळाची खीर, गवारीची भाजी, भजी, पुरण. सगळा स्वयंपाक आत्याच्या हातचा, पण ओटीच्या वेळी ती विधवा म्हणून आतल्या दाराशी उभी राही आणि तिथून सगळ्यांना हुकूम सोडी. वर्षातून त्या एकाच दिवशी मावशी टाक गळ्यातून काढी. त्याला दुधानं, पाण्यानं धुवून पाटावर तांदळाच्या राशीवर ठेवी. पुढे पत्रावळ वाढी. आणि हळदकुंकू मी लावायचं, लेक म्हणून.

त्या नवमीलाही सगळं तसंच मांडलं गेलं. पार्वतीकाकू पाटावर बसल्या होत्या. बाबा बाहेर ओसरीवर अंबाडीचा दोर वळत होते. मावशी भिंतीला टेकून उभी होती, कारण सातव्या महिन्यात तिला खाली वाकवत नव्हतं. आत्या दारातून म्हणाली, घे कुंदे, लाव कुकू तुह्या मायले. मी कुंकवाचा करंडा हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

"हे माही माय नाई," मी म्हणाले. "हे फ्रान्सची राणी हाये. पुस्तकात फोटो हाये इचा. लोकायनं मान कापली इची."

आधी कुणाला काही उमगलंच नाही. मला ते दोनदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना मी बाईंच्या पुस्तकातलं सगळं सांगितलं, केसांतल्या पिठासकट. मला वाटलं होतं आत्या मला फटका मारेल. पण ती दारातच उभी राहिली आणि तिनं फक्त एकच गोष्ट विचारली. "ते मेली तवा नवरा जिता होता काय तिचा?"

आत्या काय विचारत होती ते मला पुरतं कळलं होतं. तरीही मी उत्तर दिलं, आणि मुद्दाम दिलं. "नाई. त्याची मान तिच्या आधी कापली."

आत्या उंबऱ्यावर बसली. नऊ वर्षं आम्ही अहेव नवमीला एका विधवेची ओटी भरत होतो. नऊ वर्षं ती मावशीच्या मंगळसूत्राला लागून, तिच्या पोटावर लोंबत होती. आत्या म्हणाली की ही रांडमुंड बाई आता या घरात नको, आत्ताच्या आत्ता नदीत सोडून या, आणि मावशीला म्हणाली, तू हात लावू नोको तिले, सातवा चालू हाये तुले. स्वतः जन्मभर जो शब्द कपाळावर वागवला, तोच ती त्या चित्राला डोळ्याचं पातं न हलवता लावत होती. तीन बाळं कशामुळे गेली ते ती बोलली नाही. बोलायची गरज नव्हती. मी मावशीकडे पाहिलं, तर तिचे दोन्ही हात पोटावर होते. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी हे काय करून बसले, असं झालं मला. मला आईचं तोंड हवं होतं. मावशीच्या पोटातल्या बाळाचं वाईट व्हावं असं मला कधीच वाटलं नव्हतं.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. कार्तिकात मावशी बाळंत झाली, सुखरूप, आणि माझा भाऊ झाला. आज तो पन्नाशी उलटलेला, ढेरपोट्या, सगळ्या गावाच्या भानगडीत पडणारा गृहस्थ आहे. मावशीनं त्याची नातवंडं पाहिली. चार वर्षांपूर्वी ती गेली, तोवर तिचे इतके फोटो निघाले होते, की भावाच्या मोबाइलमध्ये तिचे नुसते चहा पितानाचेच वीसपंचवीस सापडतात. टाक नदीत गेला नाही. त्या दिवशी पुढे जे झालं, त्यानंतर आत्यानं नदीचं नाव पुन्हा काढलं नाही; तेच आता सांगते.

आत्याचा आवाज ऐकून बाबा ओसरीवरून आत आले. त्यांनी पाटावरची राणी उचलली, धोतराच्या सोग्यानं तिचं पाणी टिपलं आणि ते तिथंच जमिनीवर मांडी घालून बसले. आत्यानं त्यांना फैलावर घेतलं. सोनारानं तुला फसवलं, तुला एवढंही कळलं नाही का, सरळ चांदीचा टाक का नाही आणला. बाबा तळहातावरच्या बाईकडे बघत होते. मग बोलू लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही.

"सोनारानं नाई फसवलं," ते म्हणाले. "त्यानं मले इचारलं, कशी होती सांगा, तसा मुखडा उठवतो. म्या डोये मिटले. तिच्या बांगड्याचा हात दिसे. पायातले जोडवे दिसे. तोंडच दिसे ना. मायबाप होते तवा घरात. तीन वर्सं संसार केला, पन दिवसा तिचा पदर कदी कपायावरून वर गेला नाई, आन म्याबी कदी मान वर करून पाह्यलं नाई. लाज वाटली मले सोनाराची. मंग त्याच्या डब्बीत हे होती. समद्यात देखनी होती. म्हनलं हेच दे. नाई आठवत तर नाई, पन तिले काई कमी नोको पडाले."

चुलीवर कढी उतू जात होती, तिचा चर्र आवाज आला आणि वास आला, तरी आत्या उठली नाही. थोड्या वेळानं ती भावाला, जसं लहान पोराला समजवावं तसं, हळू आवाजात सांगू लागली. "सावळी होती रे ते. नाक बसकं होतं, हे कुंदीचं हाये तसंच. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढेल होता, म्हनून हसतानी हात ठेवे तोंडावर. कानाची पाळ फाटेल होती डाव्या. मले नाई इचारायचं काय तू?" हे ती बाबांना सांगत होती, पण मी ऐकत होते. चौदा वर्षांत पहिल्यांदा माझ्या आईला दात आला, कान आला. मी आपोआप नाकाला हात लावला. मी इतकी वर्षं हे आत्याला विचारलं नव्हतं, कारण आई तर समोरच होती. आणि बाबांनी विचारलं नव्हतं, कारण पुरुषानं आपल्या बायकोचं तोंड बहिणीला विचारायचं ही काही रीत नव्हती. ती एकटीच ते सगळं जपून बसली होती.

मावशी अजून भिंतीशी उभी होती. आत्यासमोर ती बाबांशी कधी थेट बोलत नसे. काही सांगायचं झालं तर माझ्यामार्फत, कुंदे, तुह्या बाबाले म्हन, अशी सुरुवात करून. आणि पदर तर भुवयांपर्यंत. त्या दिवशीही ती तसंच म्हणाली, "कुंदे, तुह्या बाबाले म्हन," आणि थांबली. मी तिच्याकडे वळले. ती भिंत सोडून पुढे आली, एक हात पार्वतीकाकूंच्या खांद्यावर टेकून हळूहळू खाली बसली, बाबांच्या अगदी समोर, पत्रावळीच्या पलीकडे. आणि तिनं पदर डोक्यावरून मागे सारला, पार खांद्यावर पडेपर्यंत. पार्वतीकाकूंनी आत्याकडे पाहिलं. आत्या मावशीकडेच बघत होती.

"मले पाहून घ्या," मावशी म्हणाली. "चांगलं पाहून घ्या. बाळंतपनात काई कमीजास्त झालं, तर सोनाराले सांगता आलं पाह्यजे."

बाबांनी मान वर केली. तिच्या कपाळावर देवीचे दोन वण होते, एकाखाली एक. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. डोळे घारे म्हणावे असे होते, आणि डाव्या भुवईतून एक बारीक व्रण आडवा गेला होता. तो कशाचा ते मला ठाऊक नव्हतं. तिच्या घामानं कुंकू थोडं ओघळलं होतं. भरदिवसा, बहिणीच्या आणि शेजारणीच्या आणि लेकीच्या देखत, बाबा तिच्याकडे बघत राहिले. खाली बघायची सवय झालेल्या माणसाला ते किती जड जात असेल, ते त्यांच्या मानेवरून दिसत होतं. बराच वेळ गेला. मावशीलाच मग लाज वाटली असावी. तिनं पदर पुढे ओढायला हात उचलला.

"थांब," बाबा म्हणाले. "झालं नाई अजून."